चिली १९७३-१९९०: दडपशाही आणि आर्थिक धोरण यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येतो का?

मुळाक्षर (धागाकर्ता)

चिलीचा विषय निघाला की एक विधान हमखास ऐकू येते: लष्करशहा ऑगस्तो पिनोशेच्या राजवटीत माणसे मारली गेली हे निंद्यच आहे, परंतु त्याने देशाची अर्थव्यवस्था मार्गी लावली हेही मान्य करायला हवे. या विधानात दडपशाही आणि आर्थिक धोरण ही दोन स्वतंत्र खाती आहेत, एका खात्यात तोटा झाला आणि दुसऱ्यात नफा, असे गृहीत धरलेले असते. माझ्या मते १९७३ ते १९८२ या काळापुरती तरी ही विभागणी टिकत नाही. मजुरी, संपाचा हक्क, शेतजमिनीची मालकी आणि चलनाचा भाव या गोष्टी तिथे तुरुंग, बंदी आणि भीती यांच्या आधाराने ठरल्या. आणि विरोधकांची तोंडे बंद होती म्हणूनच १९७९ नंतरची घोडचूक वेळीच सुधारली गेली नाही.

ज्यांना तपशील ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. राजधानी सँतियागोचे कॅथलिक विद्यापीठ आणि शिकागो विद्यापीठ यांच्यात १९५६ मध्ये झालेल्या करारामुळे चिलीतील तरुणांची एक पिढी शिकागोला अर्थशास्त्र शिकून आली. ‘शिकागो बॉइज’ ते हेच. मुक्त बाजार, अल्प सरकारी खर्च, आयातीला मोकळीक हा त्यांचा कार्यक्रम होता, आणि निवडणुकीच्या राजकारणात त्याला फारसा वाली नव्हता. १९७० मध्ये समाजवादी सल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांच्या कारकिर्दीतच या अर्थतज्ज्ञांनी एक जाडजूड आराखडा लिहून काढला आणि तो नौदलातील अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी सैन्याने सत्ता घेतली तेव्हा सेनानींना अर्थव्यवस्थेचे काय करायचे हे ठाऊक नव्हते, पण ते लिहून ठेवणारी मंडळी तयार होती.

पहिल्या काही आठवड्यांत घडलेल्या गोष्टींचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कामगारांची मध्यवर्ती संघटना बेकायदा ठरली, संप आणि सामुदायिक वाटाघाटी थांबवण्यात आल्या, संसद बंद झाली, डाव्या पक्षांवर बंदी आली. आणि ऑक्टोबरमध्ये बहुसंख्य वस्तूंच्या किमतींवरील नियंत्रण उठवण्यात आले. म्हणजे वस्तूंचे भाव मोकळे झाले, पण श्रमाच्या भावाबद्दल बोलणारा प्रतिनिधी मात्र तुरुंगात किंवा भूमिगत होता. १९७४-७५ पर्यंत खरी मजुरी, म्हणजे महागाई वजा जाता उरणारी, १९७० च्या सुमारे दोन-तृतीयांशावर आली होती.

मार्च १९७५ मध्ये शिकागोचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन चिलीला गेले, पिनोशेला भेटले आणि महागाईवर हळूहळू नव्हे तर एका झटक्यात उपाय करावा असा त्यांनी सल्ला दिला. एप्रिलमध्ये अर्थमंत्री होर्हे काउआस यांनी तसा कार्यक्रम जाहीर केला. सरकारी खर्च जबरदस्त कापला गेला आणि त्या एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १३ टक्क्यांनी घसरले. तांब्याच्या पडलेल्या जागतिक किमतीचा त्यात वाटा होता, हे नोंदवणे न्याय्य ठरेल. परंतु एवढी घसरण सोसूनही ज्या सरकारला ना संसदेला उत्तर द्यावे लागते, ना मतदाराला, ना वृत्तपत्राला, असे सरकार त्या आधी जून १९७४ मध्ये मानुएल कोन्त्रेरास यांच्या हाताखाली ‘दीना’ ही गुप्त पोलीस संघटना उभारून बसलेले होते.

आयेंदे यांचे मंत्री आणि वॉशिंग्टनमधील राजदूत राहिलेले ओर्लान्दो लेतेलिए यांनी ऑगस्ट १९७६ मध्ये एका अमेरिकी साप्ताहिकात हाच मुद्दा मांडला होता: बहुसंख्यांचे उत्पन्न इतके खाली ढकलणारे धोरण दहशतीशिवाय राबवताच येणार नाही, त्यामुळे दहशतीचा निषेध करून धोरणाचे कौतुक करणे ही विसंगती आहे. पुढच्याच महिन्यात, २१ सप्टेंबरला, वॉशिंग्टनच्या भर रस्त्यात त्यांची मोटार बॉम्बने उडवण्यात आली आणि त्यांच्यासोबत त्यांच्या सहकारी रॉनी मॉफिट याही मारल्या गेल्या. हे काम दीनाचे होते, हे पुढे न्यायालयांत सिद्ध झाले.

जाणकारांनी भर घालावी. विरोधी मतांचेही स्वागत आहे.


दर्यावर्दी

धागा चांगला आहे, पण सुरुवात सोयीच्या जागेवरून केली आहे असे वाटते. आयेंदे यांच्या काळातील आर्थिक स्थितीबद्दल आपण एकही वाक्य लिहिलेले नाही. पहिल्या वर्षी वेतनवाढ आणि नोटांची छपाई यांमुळे तेजी आली, आणि १९७३ पर्यंत सरकारी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या वीस टक्क्यांच्या पुढे गेली, महागाई वार्षिक पाचशे टक्क्यांच्या वर पोहोचली, दुकानांतून माल नाहीसा झाला आणि काळ्या बाजाराला ऊत आला. अमेरिकेने मदत आणि कर्जे रोखली, निक्सन यांनी चिलीच्या अर्थव्यवस्थेला किंचाळायला लावण्याचा आदेश दिला, हे सर्व खरे आहे. मालमोटार मालकांच्या संपामागे परदेशी पैसा होता, हेही खरे मानू. तरीसुद्धा सरकारने छापलेल्या नोटा सीआयएने छापलेल्या नव्हत्या. अशा अवस्थेतून कोणत्याही सरकारला, लोकनियुक्त असो वा लष्करी, कडू औषध घ्यावेच लागले असते. तेव्हा १९७३-७५ च्या सगळ्या वेदना पिनोशेच्या नावे टाकणे मला पटत नाही.


मुळाक्षर

दर्यावर्दी, आयेंदे सरकारच्या वित्तीय धोरणाचा बचाव मी करणार नाही. तूट होती आणि ती भयंकर होती. माझा आक्षेप औषधाला नाही, ते कोणाच्या घशात ओतायचे हे कसे ठरले, याला आहे. एक गोष्ट पाहा. ज्या महागाईसाठी हे सर्व करायचे होते, ती लष्कर आल्यावर १९७४ मध्येही तीनशे टक्क्यांच्या वर होती आणि १९७५ मध्येही. भाव दोन वर्षे हाती लागेनात, मजुरी मात्र पहिल्या हिवाळ्याच्या आतच आवाक्यात आली होती.

शिवाय मोजमापही निर्वेध नव्हते. वेतनातील वाढ सरकारी किंमत निर्देशांकाला जोडलेली होती, आणि हा निर्देशांक १९७३ मध्ये व पुन्हा १९७६ ते १९७८ या काळात प्रत्यक्ष महागाई कमी दाखवत होता, असे सिएप्लान या संशोधन संस्थेतील अर्थतज्ज्ञांनी नंतर दाखवून दिले. निर्देशांक खाली राहिला की कामगाराची भरपाईही खाली राहते. स्वतंत्र वृत्तपत्रे आणि संघटना असत्या, तर अशी गोष्ट इतकी वर्षे दडून राहिली नसती.


सोनचाफा

मी लॅटिन अमेरिकेतील ग्रामीण इतिहासाची विद्यार्थिनी आहे, म्हणून शहराबाहेरची बाजू मांडते, कारण चर्चा बहुधा अर्थमंत्र्यांच्या कचेरीतच अडकून पडते.

चिलीत जमीनसुधारणा आयेंदे यांच्या आधीच, साठच्या दशकात, ख्रिस्ती लोकशाहीवादी एदुआर्दो फ्रेई यांच्या सरकारने मोठ्या प्रमाणावर सुरू केली होती. आयेंदे यांनी तिचा वेग वाढवला आणि १९७३ पर्यंत मोठ्या जमीनदाऱ्या, म्हणजे तिथली ‘फुंदो’ पद्धत, जवळजवळ संपुष्टात आली. सत्तांतरानंतर यातील बरीच जमीन जुन्या मालकांकडे परत गेली, काही कुळांना तुकड्यांनी मिळाली, आणि कर्ज व यंत्रसामग्री नसल्यामुळे त्यातल्या अनेकांनी ती लवकरच विकून टाकली. द्राक्षे, सफरचंदे आणि इमारती लाकूड यांच्या निर्यातीचे जे यश पुढे जगाला दिसले, ते या नव्या जमीनबाजारावर उभे राहिले.

आता हा बाजार कसा तयार झाला ते पाहू. सँतियागोच्या दक्षिणेला पाइने नावाचा शेतीप्रधान भाग आहे. तिथे सत्तांतरानंतरच्या आठवड्यांत सत्तर माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यांत बहुसंख्य शेतकरी आणि शेतमजूर होते. आणि पोलिसांच्या जोडीला स्थानिक जमीनमालक व त्यांचे साथीदारही होते, हे खटल्यांतून पुढे आले. इस्ला दे माइपो येथून पकडून नेलेल्या पंधरा जणांचे अवशेष १९७८ च्या अखेरीस लोन्केन येथील चुन्याच्या जुन्या भट्टीत सापडले. ही सत्ता ‘नाहीसे झालेले लोक परदेशी पळून गेले आहेत’ असे सांगत असताना हा पुरावा चर्चच्या मदतीने उजेडात आला. कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी १९७६ च्या आरंभी स्थापन केलेली ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही संस्था अशा प्रत्येक कुटुंबाची नोंद ठेवत होती, त्यामुळेच पुढच्या चौकशी आयोगांना कागद मिळाले.

पाइनेतील हत्यांचा आदेश कुणा अर्थतज्ज्ञाने दिला असे मी म्हणत नाही. परंतु त्या खोऱ्यात नंतर कुणी जमिनीवर हक्क सांगायला पुढे आले नाही, आणि निर्यातीच्या यशाचे आकडे मांडताना ही शांतता कोठून आली हे विचारले जात नाही.

शहरातील कामगारांची गोष्ट वेगळ्या मार्गाने त्याच ठिकाणी पोहोचते. १९७८ च्या अखेरीस अमेरिकेतील कामगार संघटनांनी चिलीच्या मालावर बहिष्काराची धमकी दिली, तेव्हा घाईघाईने मजूरमंत्री होसे पिन्येरा यांनी १९७९ चा कामगार कायदा आणला. संघटनांना परवानगी मिळाली, पण वाटाघाटी फक्त एकेका कंपनीपुरत्या. संप करता येईल, पण मालकाला बदली कामगार घेता येतील आणि साठ दिवसांनंतर संपकऱ्याने स्वतःहून नोकरी सोडली असे समजले जाईल. एवढ्या चौकटीतही कुणी सर्वांना एकत्र आणू पाहिले तर काय होते, हे फेब्रुवारी १९८२ मध्ये दिसले. सरकारी कर्मचाऱ्यांचे नेते तुकापेल हिमेनेस संघटनांची एकजूट घडवण्याच्या खटपटीत होते. त्यांना सँतियागोबाहेर नेऊन ठार करण्यात आले. लष्करी गुप्तवार्ता विभागातील अधिकारी या खुनात दोषी ठरले, पण त्याला वीस वर्षे लागली.


निवांत

आपल्याकडेही आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या असे जुनी माणसे अजून सांगतात. शिस्तीशिवाय विकास होत नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.


मुळाक्षर

निवांत, आणीबाणीवर स्वतंत्र धागा काढावा, मी तिथे जरूर लिहीन. इथे चिलीपुरतेच राहू या.


जुना हिशेबनीस

चर्चेत एक गोष्ट सुटते आहे. पिनोशेची राजवट मुक्त बाजाराची आदर्श प्रयोगशाळा होती, हे समर्थक आणि विरोधक दोघेही मान्य करतात, पण देशाचा सर्वांत मोठा उद्योग या प्रयोगात आलाच नाही. मोठ्या तांबे खाणींचे राष्ट्रीयीकरण आयेंदे यांनी जुलै १९७१ मध्ये केले, तेही संसदेत एकमताने, म्हणजे उजव्यांच्या मतांसह. लष्कराने त्या खाणी परत दिल्या नाहीत. उलट १९७६ मध्ये त्यांची कोदेल्को ही सरकारी कंपनी केली. याचे कारण सरळ आहे: एका गुप्त कायद्यानुसार तांब्याच्या निर्यातीतून येणाऱ्या रकमेचा दहा टक्के हिस्सा शस्त्रखरेदीसाठी थेट सेनादलांकडे जात होता. शाळा आणि दवाखाने यांच्या खर्चाला बाजाराची शिस्त लागू झाली, रणगाड्यांच्या खर्चाला नाही. हा कायदा रद्द व्हायला २०१९ उजाडले.

दुसरे असे की लष्करातही सगळे शिकागोवादी नव्हते. हवाई दलाचे प्रमुख गुस्ताव्हो ले यांना हे आर्थिक धोरण मान्य नव्हते आणि सत्ता एका माणसाकडे एकवटणेही मान्य नव्हते. जुलै १९७८ मध्ये त्यांना पदावरून हटवण्यात आले आणि त्यांच्यासोबत हवाई दलाच्या सेनानींची जवळजवळ सगळी वरची फळी गेली. म्हणजे या धोरणाला प्रश्न विचारणारा शेवटचा माणूस खुद्द सत्ताधारी मंडळातला होता, आणि त्यालाही जागा उरली नाही.

त्याचा परिणाम पुढच्याच वर्षी दिसतो. जून १९७९ मध्ये अर्थमंत्री सेर्हिओ दे कास्त्रो यांनी एका डॉलरला ३९ पेसो हा दर कायम करून टाकला. मजुरी मात्र कायद्याने मागील महागाईप्रमाणे वाढत होती, त्यामुळे चिलीचा माल महाग आणि आयात स्वस्त होत गेली. आयातशुल्क तर १९७३ मधील सरासरी नव्वद टक्क्यांहून अधिक होते ते सरसकट दहा टक्क्यांवर आणलेले होते. विदेशी बँकांकडून डॉलरमध्ये कर्ज काढायचे आणि मोटारी, दूरदर्शन संच, व्हिस्की आणायची, असा तो काळ होता. खासगीकरणात स्वस्तात मिळालेल्या बँका आपल्याच गटाच्या कंपन्यांना कर्ज देत होत्या आणि त्यावर देखरेख जवळजवळ नव्हती. सिएप्लानचे अलेहान्द्रो फॉक्सली आणि त्यांचे सहकारी धोक्याचा इशारा देत होते, पण त्यांचा वाचकवर्ग मूठभर. मंत्री म्हणत की समतोल आपोआप साधेल. जून १९८२ मध्ये अवमूल्यन करावे लागले, तोवर डॉलरमध्ये कर्ज घेतलेले कारखानदार बुडाले होते.

जानेवारी १९८३ मध्ये सरकारने देशातील सर्वांत मोठ्या खासगी बँका ताब्यात घेतल्या. बँकांमागोमाग त्यांच्या कंपन्याही सरकारच्या हाती आल्या आणि ‘समाजवादाकडे जाणारा शिकागोमार्ग’ अशी थट्टा सँतियागोत सुरू झाली. मला तरी ती थट्टा बोचरी आणि अचूक वाटते.


अनामिका पवार-देशी

जुना हिशेबनीस यांच्या प्रतिसादातील लष्कराच्या मुद्द्याला जोडून एक. १९८१ पासून चिलीत निवृत्तिवेतनाची जुनी पद्धत बंद करून प्रत्येकाच्या पगारातील दहा टक्के रक्कम खासगी निधी कंपन्यांकडे वळवण्यात आली. मालकाचा हिस्सा शून्य. ही योजनाही होसे पिन्येरा यांचीच. ती इतकी उत्तम होती, तर सेनादले आणि पोलीस यांना तिच्यातून का वगळले, याचे समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही.

मी नोव्हेंबर २००५ नंतर राज्य शासनाच्या सेवेत लागले, त्यामुळे अंशदायी निवृत्तिवेतनाचा विषय माझ्यासाठी निव्वळ ऐतिहासिक नाही. आपल्याकडे मालकाचा, म्हणजे शासनाचा, हिस्सा असतो, हा मोठा फरक आहे. सेनादले मात्र आपल्याकडेही नव्या योजनेच्या बाहेर आहेत. आणखी एक फरक महत्त्वाचा: मार्च २०२३ मध्ये आम्ही जुन्या निवृत्तिवेतनासाठी संपावर गेलो आणि आठवड्याने कामावर परत आलो. १९८१ च्या चिलीत असे करण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता.


दर्यावर्दी

१९८२ चे अपयश मला मान्य आहे, परंतु त्याचे कारण हुकूमशाही हे मात्र मान्य नाही. त्याच सुमारास मेक्सिको, अर्जेंटिना, ब्राझील सगळेच कर्जात बुडाले. कोस्टारिकामध्ये निवडून आलेले सरकार होते, त्याने १९८१ मध्येच परतफेड थांबवली. व्हेनेझुएलामध्येही निवडून आलेले सरकार होते, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये तिथेही चलन कोसळले. खुली वृत्तपत्रे असूनही या देशांनी चुका केल्याच.

आणि पुढची गोष्ट आपण टाळत आहात. १९८५ मध्ये एर्नान बूची अर्थमंत्री झाले, त्यांनी विनिमय दर लवचीक ठेवला, आधी वाढलेले आयातशुल्क पुन्हा खाली आणले, बँकांवर खरी देखरेख आणली आणि अर्थव्यवस्था वेगाने वाढू लागली. ५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी पिनोशेला नकार दिला, हे खरे. पण १९९० मध्ये आलेल्या लोकशाही सरकारने ती आर्थिक चौकट मोडली नाही. ज्यांनी इशारे दिले होते ते फॉक्सलीच अर्थमंत्री झाले आणि त्यांनीही निर्यात, कमी शुल्क, संतुलित अंदाजपत्रक हेच चालू ठेवले. धोरण केवळ बंदुकीच्या जोरावर उभे असते, तर बंदूक बाजूला झाल्यावर ते पडायला हवे होते.


सोनचाफा

हा आतापर्यंतचा सर्वांत सबळ आक्षेप आहे. मात्र चौकट मोडली नाही, यात ‘मोडायची नव्हती’ आणि ‘मोडता येत नव्हती’ या दोन्हींचे मिश्रण होते. मतदारयादीशिवाय घेतलेल्या १९८० च्या सार्वमताने आणलेली राज्यघटना लागू होती. नेमलेले सिनेटर होते. मतदारसंघांची रचना अशी की दुसऱ्या क्रमांकाच्या आघाडीला एक-तृतीयांश मतांवर निम्म्या जागा मिळाव्यात. आणि मार्च १९९८ पर्यंत पिनोशे स्वतः लष्करप्रमुख. कामगार कायद्यात मूलभूत बदल करण्याचे प्रयत्न सिनेटमध्ये अडत राहिले.

जिथे शक्य होते तिथे बदल झालाच. १९९० मध्ये वाटाघाटी करून कर वाढवण्यात आले आणि ते पैसे समाजकल्याणाकडे वळले. १९९१ मध्ये अल्पमुदतीच्या परदेशी भांडवलाला लगाम घालण्यासाठी त्यातील काही भाग बिनव्याजी ठेव म्हणून अडकवून ठेवण्याचा नियम आला. हा ३९ पेसोच्या अनुभवातून घेतलेला धडा होता आणि शिकागोच्या शिकवणीच्या थेट विरुद्ध होता. सरकारी पाहणीनुसार १९८७ मध्ये सुमारे ४५ टक्के लोक दारिद्र्यात होते, १९९० मध्ये ३८ टक्क्यांच्या वर, आणि २००० मध्ये सुमारे २० टक्के. ज्याला ‘चमत्कार’ म्हणतात त्यातील गरिबी हटवण्याचा मोठा भाग मतपेटीनंतरच्या दशकातला आहे.


मुळाक्षर

दर्यावर्दी, कोस्टारिका आणि व्हेनेझुएला यांची उदाहरणे योग्य आहेत, आणि लोकशाही असती तर ३९ पेसोची चूक झालीच नसती असा दावा मी करू शकत नाही. माझा दावा त्यानंतरच्या वर्षांपुरता ठेवतो. चिलीची १९८२ ची घसरण लॅटिन अमेरिकेतील सर्वांत तीव्र घसरणींपैकी एक होती. सरकारच्या तुटपुंज्या मजुरीवरील रोजगार योजनांतील लोक धरले, तर १९८३ मध्ये बेरोजगारी तीस टक्क्यांच्या आसपास होती. बँकांनी घेतलेले परदेशी कर्ज खासगी होते, सरकारची त्याला हमी नव्हती. तरी परदेशी बँकांच्या दबावाखाली त्याची जबाबदारी सरकारने घेतली, आणि त्यासाठी कोणत्याही सभागृहात मतदान झाले नाही.

मतदान रस्त्यावर झाले. तांबे कामगारांचे नेते रोदोल्फो सेगेल यांच्या हाकेवर ११ मे १९८३ च्या रात्री सँतियागोत घराघरांतून रिकामी भांडी वाजली. आयेंदे यांच्या विरोधात १९७१ मध्ये सुखवस्तू वस्त्यांतील स्त्रियांनी वापरलेले निषेधाचे हेच साधन आता गरीब वस्त्यांत पोहोचले होते. दर महिन्याला निदर्शने होत गेली. ऑगस्टमध्ये पिनोशेने राजधानीत १८ हजार सैनिक उतरवले आणि दोन दिवसांत दोन डझनांहून अधिक माणसे मारली गेली, त्यांतली काही आपापल्या घरात होती. बँकांचा तोटा सार्वजनिक करण्याच्या निर्णयावर चिलीच्या नागरिकांना त्या वर्षी मिळालेले हे उत्तर होते, आणि बूची यांच्या यशस्वी वर्षांची सुरुवात या उत्तरानंतरची आहे.


जुना हिशेबनीस

त्यात एक पुरवणी जोडतो. सरकारच्या हाती आलेल्या आणि आधीपासून असलेल्या कंपन्या १९८५ नंतर पुन्हा विकल्या गेल्या: वीज, दूरध्वनी, पोलाद, विमानसेवा, सोराखार. सोराखाराच्या सोकिमिच या कंपनीचे नियंत्रण अखेर हुलिओ पोन्से लेरू यांच्याकडे गेले. ते तेव्हा पिनोशेचे जावई होते, आणि त्याआधी सरकारी उद्योगांचा कारभार पाहणाऱ्या महामंडळातच अधिकारी होते. पुढे जगाच्या बॅटऱ्यांना लागणाऱ्या लिथियमचा मोठा वाटा आताकामाच्या वाळवंटातून हीच कंपनी काढू लागली. हा व्यवहार ठरला तेव्हा विक्रीच्या किमतीवर प्रश्न विचारायला संसद नव्हती. १९९० नंतर संसदेने चौकशी केली, पण विक्री उलटवता आली नाही.